कूलरची टाकी, अर्थिंगचा खड्डा, फ्रिजची मागची बाजू : घरात राहून जाणाऱ्या कामांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महालक्ष्म्यांच्या आधी आणि दिवाळीला आपल्याकडे घर कोपऱ्या-कोपऱ्यातून झाडून निघतं. गाद्या उन्हात पडतात, फळीवरची पितळी भांडी घासून परत लागतात, ओसरी सारवली जाते. त्या सगळ्या धामधुमीत कूलरच्या टाकीचा तळ, फ्रिजची मागची बाजू, इन्व्हर्टरची बॅटरी आणि अर्थिंगचा खड्डा तसेच राहतात. पाहुण्याला ते दिसत नाहीत आणि ते स्वतःहून तक्रारही करत नाहीत. करतात तेव्हा उशीर झालेला असतो.

खालचे प्रश्न वऱ्हाडात, नागपूर-वर्ध्याच्या पट्ट्यात आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे नेहमी कानावर येतात. उत्तरं खेड्यातलं घर डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत, म्हणजे लाईनचा भरवसा नाही, पाणी जड आहे, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि दिवाळीनंतर अर्ध्या घरात कापूस भरलेला असतो.

एवढी झाडझूड करूनही ही कामं राहतात कशी?

माझ्या मते कारण साधं आहे. आपल्याकडे झाडणं-पुसणं-धुणं बाईच्या वाट्याला आणि मशीनचं काम माणसाच्या वाट्याला असं धरून चालतात. कूलरची टाकी घासणं धड झाडझूडही नाही आणि धड दुरुस्तीही नाही. त्यामुळे ते दोघांपैकी कोणाचंच होत नाही. माय म्हणते, करंट लागेल, मी हात लावत नाही. बाबा म्हणतात, धुण्याचं काम माझं थोडीच आहे. म्हणून पहिली गोष्ट ही करा की कामाला माणूस नेमा. ‘कूलरची टाकी सुनीलकडे, गॅसची नळी आईकडे, बॅटरीचं पाणी बाबांकडे’ असं घरात एकदा बोलून ठरलं की निम्मं काम झालंच समजा.

होळीच्या सुमारास कूलर बाहेर काढला. लगेच पाणी भरून सुरू करावा का?

नाही. चार-पाच कामं आधी करा आणि ती करताना कूलरची पिन बोर्डातून काढलेली असू द्या. नुसतं बटण बंद करून भागत नाही. खेड्यात बऱ्याच घरांचं वायरिंग असं झालेलं असतं की बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लागलेलं असतं. मग बटण बंद असूनही आत करंट असतो.

आधी ताट्या, म्हणजे बाजूच्या गवत भरलेल्या जाळ्या, काढा. जुनं गवत काळं पडलं असेल, हातात घेतल्यावर चुरत असेल किंवा पांढऱ्या खारानं कडक झालं असेल तर बदलून टाका. दरवर्षी नवीन गवत भरणं हा कूलरवरचा सगळ्यात वसूल होणारा खर्च आहे. गवताऐवजी मधाच्या पोळ्यासारखं कागदी हनीकोंब असेल तर ते काही हंगाम चालतं, पण त्याच्याही भोकांत खार बसतो. ते काढून साध्या पाण्यानं, हलक्या धारेनं धुवा. ब्रशनं घासू नका, त्याचा कागद फाटतो.

मग वरची पाणी सोडणारी नळी बघा. तिच्या बारीक भोकांत खार अडकतो आणि मग ताटीचा एक भाग ओला आणि दुसरा कोरडा राहतो. कोरड्या भागातून गरम हवा सरळ आत येते आणि आपण म्हणतो, कूलर थंडच करत नाही. दाभणानं किंवा जाड सुईनं भोकं मोकळी करा. टाकीतल्या छोट्या मोटरची खालची जाळी उघडून आतला पंखा बोटानं फिरवून पाहा. तो अडकत असेल तर मोटर न जाळता आधी खार काढा, रीत पुढे दिली आहे.

लोखंडी टाकीला गंज आला असेल तर खरवडून आतून डांबरी रंगाचा हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. एक शेवटचं, जे जाणते लोकही विसरतात. कूलरच्या समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा. ओली हवा बाहेर पडायला वाट नसेल तर खोली थंड होत नाही, नुसती चिकट होते.

दर आठवड्याला टाकी रिकामी करायला सांगतात. एप्रिल-मे मध्ये एवढं पाणी आणायचं कुठून?

प्रश्न रास्त आहे. ज्या गावात टँकर येतो तिथे भरलेली टाकी उलटी करा असं सांगणं बरं नाही. पण कारण समजून घेतलं तर पाणी न घालवताही हे जमतं.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला आरोग्य खातं सांगतं. पण अर्धीच गोष्ट लोकांपर्यंत पोचते. हा डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेघेच्या थोडं वर, टाकीच्या ओल्या भिंतीला चिकटवतो. पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथेच राहतात. ती कोरड्यात कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. तेव्हा खरं काम भिंत घासण्याचं आहे. पाणी ओतणं त्यासाठी करायचं.

ठरवा असं की तुमच्या गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी असतो, तोच कूलरचा दिवस. आदल्या रात्री टाकीत नवं पाणी टाकू नका. सकाळपर्यंत तळाला दोन-तीन बोटं पाणी उरेल आणि तेवढंच काढायचं. काथ्यानं किंवा ताठ ब्रशनं चारही भिंती घासा, फडक्यानं पुसा आणि तासभर कोरडी राहू द्या. काढलेलं पाणी नालीत टाकू नका. तिथे डबकं झालं तर दुसरे डास होतात. अंगणात पसरून शिंपडा, ते उन्हात जिरून जातं. अळ्या कोरड्या जमिनीवर जगत नाहीत.

तळाचं पाणी बदलण्यानं आणखी एक फायदा होतो. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात. दिवसेंदिवस त्याच टाकीत भर टाकत गेलं की पाणी अधिकाधिक जड होतं. ताट्या लवकर कडक होण्याचं आणि कूलरला येणाऱ्या वासाचं निम्मं कारण तेच.

कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. पायात चप्पल घातली की लागत नाही. चालेल ना?

नाही चालणार. ह्या एका प्रश्नावर मी सगळ्यात जास्त जोर देतो, कारण विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं आणि लेकरं दगावतात. झिणझिण्या म्हणजे कूलरच्या लोखंडी अंगावर करंट उतरलेला आहे. आज चप्पल आहे, जमीन कोरडी आहे. उद्या सारवलेल्या ओल्या जमिनीवर उघड्या पायानं लहान पोरगं जाळीला हात लावेल तेव्हा तोच करंट पुरेसा असतो.

पिन काढा आणि ठीक होईपर्यंत कूलर वापरू नका. दोष बहुतेक वेळा तीनपैकी एका जागी असतो. टाकीतल्या मोटरची वायर पाण्यात सोललेली असते, पंख्याच्या मोटरचं वाइंडिंग ओल धरतं किंवा जोड दिलेल्या ठिकाणची टेप सुटून तार पत्र्याला लागते. इलेक्ट्रिशियनला हे शोधायला फार वेळ लागत नाही.

त्याच्याइतकंच महत्त्वाचं दुसरं आहे. कूलरला तीन पायांचीच पिन हवी आणि तिचा वरचा जाड पाय खरोखर जमिनीशी जोडलेला हवा. बोर्डात तीन भोकं दिसतात, पण मागे अर्थची तारच नाही, अशी घरं गावोगाव आहेत. काही ठिकाणी अर्थच्या जागी न्यूट्रलची तार जोडून देतात. ते तर अधिकच धोक्याचं आहे, कारण न्यूट्रल कुठे तुटला की सगळ्या मशीनच्या अंगावर करंट येतो.

आणि घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्या माणसांनाही, एकच सांगून ठेवा. चालू कूलरमध्ये पाणी टाकायचं नाही. पिन काढायची, पाणी भरायचं, हात पुसायचे, मग पिन लावायची.

अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाका म्हणतात. खरंच फरक पडतो का?

आपल्या काळ्या मातीत तर खूप पडतो. अर्थिंग म्हणजे जमिनीत खोल गाडलेला पाइप किंवा पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ. माती ओली असते तोवर ती करंट झटकन वाहून नेते. कापसाची काळी जमीन उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. तशीच भेग पाइपाभोवतीही पडते. मग पाइप जमिनीत असून नसल्यासारखा होतो, आणि तोही नेमका कूलरच्या दिवसांत, जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज असते.

मार्चपासून मृग लागेपर्यंत आठवड्यातून एक-दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात टाका. भांडी विसळलेलं पाणी चालतं. ज्यांच्या घरी खड्डा कुठे आहे हेच माहीत नाही, त्यांनी आधी मीटरपाशी जाऊन हिरवी किंवा उघडी तार कुठे जाते ते बघावं. बऱ्याचदा वर्षांपूर्वी खड्डा खोदलेला असतो आणि त्यावर आता फरशी किंवा गोठा असतो. तार गंजून तुटलेली असली तर नवा खड्डा करून घ्या. तो खर्च टाळण्यासारखा नाही.

मीटरजवळ एमसीबी आहे. मग शॉकची भीती कशाला?

एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारं बटण, वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नाही. ती पडायला कित्येक अँपिअर लागतात, आणि माणसाचा जीव जायला त्याच्या अगदी छोट्या अंशाइतका करंट पुरतो. माणसाला वाचवणारं यंत्र वेगळं असतं. त्याला आरसीसीबी म्हणतात. घरासाठी ३० मिलीअँपिअरची घेतात. करंट जेवढा गेला तेवढा परत आला नाही, म्हणजे तो कुठेतरी माणसातून किंवा पत्र्यातून जमिनीत जातो आहे, हे ओळखून ती क्षणात लाईन तोडते.

तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा, लाईन असताना ते दाबा. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर यंत्र खराब आहे. ज्यांच्याकडे आरसीसीबी आहे त्यांतले बहुतेक लोक हे बटण कधी दाबत नाहीत. एक तारीख लक्षात राहते, ती ठरवून टाका. आणि ती वारंवार पडते म्हणून वायरमनकडून बायपास करून घेऊ नका. ती पडते म्हणजे घरात कुठेतरी गळती आहे. कूलर, पाण्याची मोटर, पाणी गरम करायचा रॉड एकेक काढून पाहा, सापडते.

नळांवर, गीझरमध्ये, मोटरवर पांढरा थर बसतो. ॲसिड टाकून साफ केलं तर?

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतली शेकडो गावं, इथे तर हे रोजचंच. बाकी विदर्भातही बोअरचं पाणी जडच असतं. थर मुख्यतः चुन्याचा. तो आंबट पदार्थात विरघळतो, म्हणून किराणा दुकानातलं लिंबूसत पुरतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे लिंबूसत, त्यात मोटरची जाळी, नळाची तोटी, शॉवर किंवा कूलरची नळी तासभर भिजत ठेवा आणि जुन्या दातांच्या ब्रशनं घासा. पांढरं व्हिनेगर असलं तरी चालतं.

फरशीचं ॲसिड वापरू नका. ते धातू खातं, पॉलिश उडवतं आणि धुरानं छाती भरते. त्याहून मोठा धोका म्हणजे ॲसिड किंवा संडास साफ करायचं औषध आणि ब्लिचिंग पावडर एकत्र येणं. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीत तो जीवावर बेततो. एकाच दिवशी दोन्ही वापरायचे नाहीत, असा घरात नियमच करा.

पाणी गरम करायचा रॉड असेल तर त्याचाही थर ह्याच रीतीनं काढा. जाड थर बसला की उष्णता पाण्यात जात नाही आणि रॉड आतून जळतो. रॉड लोखंडी किंवा स्टीलच्या बादलीत लावू नका. पाणी किती तापलं हे बघायला आधी पिन काढा, मगच बोट लावा.

कापूस घरात भरला की घरभर धूळ आणि रुई होते. मशीनचं काय?

हा आपल्या भागाचा खास प्रश्न आहे आणि कंपनीच्या माहितीपुस्तकात ह्याचं उत्तर नसतं. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून कधी कधी मार्चपर्यंत कापूस बैठकीत आणि झोपायच्या खोलीत छतापर्यंत रचलेला असतो. रुईचे बारीक तंतू हवेत तरंगतात आणि जिथून हवा ओढली जाते तिथे जाऊन बसतात. पंख्याच्या मोटरची छिद्रं, फ्रिजची मागची जाळी, स्टॅबिलायझरच्या फटी, इन्व्हर्टरचा छोटा पंखा, टीव्हीची पाठ. महिनाभरात तिथे अक्षरशः लोकर जमते. मशीन गरम होतं. फ्रिज सारखा चालू राहतो आणि बिल वाढतं.

कापूस असेपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सगळ्या पिना काढून, कोरड्या मऊ ब्रशनं ही छिद्रं मोकळी करा. ओल्या फडक्यानं पुसू नका, ओली रुई आत चिकटून बसते. फुंकणी किंवा सायकलचा पंप चांगला कामी येतो.

आगीचा विचार तर करायलाच हवा. कापसाच्या गंजीला लागून प्लगचा बोर्ड, लोंबकळती वायर, जोडावर जोड दिलेलं एक्स्टेन्शन, देवघरातला दिवा ह्यांपैकी काहीही नको. बोर्ड कापसामागे दबून जात असेल तर त्या खोलीची लाईन मेनपासून बंद करा आणि कापूस विकेपर्यंत हातातल्या टॉर्चवर काम चालवा. इन्व्हर्टरची बॅटरी कापसाच्या खोलीत कधीही ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो.

कापसावर झोपल्यानं अंगाला खाज सुटते, ती वेगळी. अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवा आणि गाद्या-गोधड्यांना कडक ऊन दाखवा.

फ्रिजचं काय बघायचं? तो तर कधी बिघडलाच नाही.

भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि मागे बघा. काळी जाळी दिसली तर कोरड्या ब्रशनं झाडा. नव्या फ्रिजमध्ये जाळी दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्यात असते. म्हणून बाजू गरम लागतात. अशा फ्रिजला धान्याची पोती खेटवू नका.

कॉम्प्रेसरच्या वर एक छोटं पसरट ताट असतं. बर्फ वितळून येणारं पाणी त्यात जमतं. ते काढून धुवायचं असतं हे बहुतेकांना माहीतच नसतं. कूलरची टाकी कोरडी ठेवणाऱ्या घरातही डास ह्या ताटात वाढतात. त्याला कूलरच्याच दिवशी धुवा.

दाराचं रबर बघायला एक नोट दारात धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज निघाली तर तिथून थंडी जाते. आधी रबराच्या घड्या साबणाच्या पाण्यानं पुसून बघा, बऱ्याचदा नुसतं लोणच्याचं तेल आणि पीठ अडकलेलं असतं. बर्फ साठला तर सुरीनं खरवडू नका, गॅसच्या नळीला भोक पडलं की फ्रिज गेलाच. बंद करून दार उघडं ठेवा.

लाईन गेली आणि लगेच आली तर फ्रिज तीन-चार मिनिटं थांबून सुरू व्हायला हवा. स्टॅबिलायझरमध्ये तशी सोय नसेल तर हातानं थांबा. खेड्यात कॉम्प्रेसर जळतात ते बहुतेक असेच, कमी व्होल्टेजवर ताबडतोब सुरू होऊन.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत बोअरचं किंवा आरओचं पाणी चालतं का?

दोन्ही नाही. फक्त डिस्टिल्ड वॉटर, जे पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं. आरओच्या पाण्यातही क्षार असतात आणि ते प्लेटा खराब करतात. ॲसिड तर अजिबात टाकायचं नाही. उडालेलं असतं ते पाणी, ॲसिड आतच असतं. बाकी दिवसांत दोन-तीन महिन्यांनी बघितलं तरी चालतं, उन्हाळ्यात दर महिन्याला बघा. बॅटरीच्या झाकणांवरच्या तरंगत्या काड्या खाली गेल्या असतील तर खुणेपर्यंत भरा, वर नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड आली असेल तर इन्व्हर्टर बंद करून, वायर सोडवून, खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं पुसा, वाळवा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. हे करताना जवळ बिडी, अगरबत्ती काही नको.

गॅसची ज्योत पिवळी येते आणि भांडी काळी होतात. सिलिंडरमध्ये भेसळ आहे का?

बहुतेक वेळा बर्नर तुंबलेला असतो. दूध उतू गेलेलं, वरणाचं पाणी, पिठाची धूळ. पितळी टोप्या थंड झाल्यावर काढा, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून भिजवा, सुईनं एकेक भोक मोकळं करा आणि पूर्ण वाळल्यावर लावा. तरी पिवळी राहिली तर टोपीखालच्या नळीत कोळ्याचं जाळं किंवा झुरळाची अंडी असतात. ते मेकॅनिककडून काढून घ्या.

पण माझं लक्ष ज्योतीपेक्षा नळीकडे जास्त असतं. आतून तारेची जाळी असलेल्या केशरी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षांनी ती बदलायची. भेग नसली तरी बदलायची, आणि उंदरानं कुरतडली तर त्याच दिवशी. नळीवर कापडाचं किंवा प्लॅस्टिकचं आवरण चढवू नका, खालची भेग दिसत नाही. गळती बघायला साबणाचा फेस लावा. फुगे आले तर गळती आहे. काडी पेटवून बघण्याची पद्धत जुन्या माणसांत अजून आहे, ती प्रेमानं पण ठामपणे बंद करायला लावा.

सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरचं अक्षर आणि आकडा वाचा. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ एप्रिल ते जून, ‘सी’ जुलै ते सप्टेंबर, ‘डी’ ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. ती त्या सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत असते. ती उलटून गेली असेल तर परत पाठवा. गळतीचा वास आला तर कोणतंही बटण चालू-बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

पंखा हळू फिरतो. धुतल्यानं वेग वाढेल का?

बल्बही मंद असेल तर व्होल्टेज कमी आहे, पंख्याचा दोष नाही. हाच एक पंखा हळू असेल तर कंडेन्सर बदला, स्वस्तात होतं. पाती पुसा, जुनी उशीची खोळ पात्यावर चढवून ओढली की धूळ अंथरुणावर पडत नाही. पण स्टुलावर चढलाच आहात तर वरचा हूक, नट-बोल्ट आणि त्यातली पिन पाहा. पंखा डोक्यावर पडण्याचं कारण तिथे असतं.

मिक्सरच्या भांड्यातून चटणीत काळं येतं.

भांड्याखालची बुश झिजली आहे. ते काळं म्हणजे तिथलं तेल, ते पोटात जातं, आजच बुश बदलून आणा. भांडं धुताना खालची बाजूही धुवा आणि उलटं ठेवून वाळवा. मिक्सर अचानक बंद पडला तर खालचं लाल बटण दाबा, अर्ध्या वेळा बिघाड नसतोच. वर्षाचं तिखट, विशेषतः भिवापुरी मिरचीसारखी चांगली मिरची आणली असेल, तर ती कांडपावर न्या. मिक्सरनं मोटर तापते आणि तिखटाचा रंगही जातो.

फवारणीचे कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकले तर चालतात का?

कृपा करून टाकू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ते औषध कपड्यांत मुरतं. मशीनमध्ये टाकलं तर लेकराच्या कपड्यांनाही लागतं. फवारणीचे कपडे शेतातच काढा, वेगळ्या थैलीत आणा, रबरी हातमोजे घालून वेगळ्या बादलीत दोनदा धुवा आणि वेगळ्या दोरीवर उन्हात वाळवा. हे धुणं घरची बाई करते, तिला हातमोजे आणून देणं हे फवारणाऱ्याचं काम आहे. पंप घरात, धान्याशेजारी किंवा न्हाणीत ठेवू नका आणि विहिरीवर धुवू नका.

मशीनचं म्हणाल तर रुई अडकवणारी जाळी प्रत्येक धुण्यानंतर उलटी करून धुवा आणि महिन्यातून एकदा नुसतं पाणी व लिंबूसत टाकून फिरवा.

छतावरची टाकी कधी धुवायची?

वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. गाळ काढा, भिंती घासा, ब्लिचिंगच्या पाण्यानं एकदा विसळा आणि ते पाणी सोडून द्या. झाकण घट्ट हवं आणि ओव्हरफ्लोच्या नळीला बारीक जाळी हवी. पिण्याच्या पाण्यात टाकायचं तर चांगल्या प्रतीची ब्लिचिंग पावडर १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. ती आधी छोट्या भांड्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि फक्त वरचं निवळ पाणी टाकीत ओता. तासभर थांबून वापरा. उघडी पडलेली जुनी पावडर निकामी होते.

प्लगच्या भोकात मातीचं घर झालं आहे. काडीनं काढू का?

मेन बंद करून मगच. कुंभारमाशीला बोर्डाची भोकं फार आवडतात. वापरात नसलेल्या भोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या मिळतात, त्या लावल्या की लहान मुलांची बोटंही वाचतात.

वीज कडाडते तेव्हा टीव्ही बंद केला की पुरे का?

पिन काढा आणि डिशची केबलही काढा, करंट त्या वाटेनंही येतो. पण हे ढग भरून येताना करायचं, डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर वायरीला हात लावायचा नाही. शेतात जाणाऱ्यांनी मोबाईलवर ‘दामिनी’ ॲप ठेवावं, ते जवळपासच्या विजांची सूचना देतं.

ह्यातलं कोणतं काम स्वतः करू नये?

मीटर आणि त्याच्या आधीची लाईन, खांबावरचं काहीही, आणि गॅसचा रेग्युलेटर खोलून दुरुस्त करणं. खांबावरून येणारी तार लोंबत असेल किंवा तुटून पडली असेल तर जवळ जाऊ नका, गुरांनाही जाऊ देऊ नका आणि १९१२ वर महावितरणला कळवा. गावातला हुशार पोरगा बांबूनं तार उचलायला निघाला तर त्याला थांबवा.

मृगानंतर कूलर आवरून ठेवताना काय करावं?

हवा दमट झाली की कूलर थंडावा देत नाही, मग पाण्याशिवाय पंखा म्हणून चालतो तेवढा चालवा. आवरताना टाकी रिकामी करून भिंती पुन्हा घासा, नाहीतर डासांची अंडी पुढच्या होळीपर्यंत तिथेच राहतील. ताट्या काढून टाका, ओल्या ताट्यांत बुरशी आणि उंदीर दोन्ही होतात. छोटी मोटर लिंबूसतात धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून घरात ठेवा. पंख्याच्या मोटरच्या दोन्ही टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-चार थेंब सोडा. वायर गुंडाळून वर बांधा, जमिनीवर लोळू देऊ नका, उंदीर कुरतडतो. आणि कूलर अंगणात ठेवणार असाल तर त्याची टाकी उलटी होत नाही, म्हणून तळाचं बूच काढून ठेवा आणि वरून ताडपत्री अशी बांधा की तिच्या घडीत पावसाचं पाणी साचणार नाही.